अर्ध्या इंचाचे आटे

नळ बघून आधी हसलोच मी.
ओट्यावरचा नळ, बगळ्याच्या मानेचा,
तोंडाला जाळी, जाळीमागं बारीक आटे,
आणि बाईंच्या हातात बागेची हिरवी नळी,
पितळी तोंडाची, पाऊण इंची.
"ह्याला हे बसत नाही."
"म्हणून तर बोलावलं, मिस्त्री," राजेश्वरी येमुल म्हणाल्या.

साखर पेठ, दुसरा मजला, मे महिना.
गॅसशेजारी तांब्याच्या नळीचं वेटोळं,
रंगाच्या जुन्या पिंपाभोवती गुंडाळून वळलेलं.
वळलं वडिलांनी.
ते खुर्चीत बसलेले. चाळीस वर्षं सूत रंगवलं,
नखांच्या कडेला अजून जांभळा आहे.

पातेल्यात काय, विचारलं.
जव. मोड आणून वाळवलेला, भरडलेला,
तासभर उकळायचा, मग झटक्यात गार करायचा.
सावकाश गार झाला
तर खमिराच्या आधी दुसरंच कोणी येऊन बसतं त्यात.
"मग बियर?"
"मग बियर."
परवाना-बिरवाना मी विचारला नाही.
मी पाणी जोडतो.

जाळी निघेना. क्षारानं दगड झालेली,
चिंचेच्या कोळात बुडवली तेव्हा सुटली.
पिशवी फरशीवर उलटी केली,
रिड्यूसर, निप्पल, वॉशर,
कुठल्या तरी बंद पडलेल्या कारखान्यातला एक सॉकेट,
तोच बसला.
टेफ्लॉनचे नऊ वेढे, आट्यांच्या दिशेनं.
"उलटे दिले की सुटतात," मी म्हटलं.
"सुताचंही तेच बे," म्हातारा पहिल्यांदा बोलला.

नळ सोडला. एक थेंबसुद्धा गळला नाही.
वेटोळ्यातून पाणी फिरलं,
काटा नव्वदवरून साठवर, साठवरून पंचेचाळीसवर,
आणि तिथंच बसला.
मी हात लावला नळाला.
गच्चीवरची काळी टाकी दिवसभर उन्हात,
पाणीच त्रेचाळीस!
जोड माझा पक्का,
गार करायला गारवाच नव्हता नळात.
बाई ओट्याला टेकून हसत राहिल्या,
मग पातेलं खाली नेऊन
अंबादासच्या म्हशींपुढं ठेवलं.

"पाणी कधी सुटतंय?" म्हाताऱ्यानं विचारलं.
गुरुवारी. रात्री अडीचला. झालं तर.

बुधवारी मोटारीच्या पाइपाला टी मारली, व्हॉल्व्ह बसवला,
डावीकडं टाकी, उजवीकडं महापालिका.
गुरुवारी मला कोणी बोलावलं नव्हतं.
अडीचला जिना चढलो तेव्हा
खालून हाका,
नीळ्ळू वच्चाय, नीर बंत, पाणी आलं,
बॅरलं ओढल्याचा आवाज, सगळ्या मोटारी एका सुरात,
कुणाची तरी नळी निसटून रस्त्यावर नाचत होती
आणि शिव्या तीन भाषांत.

वर जव उकळून तयार.
व्हॉल्व्ह उजवीकडं.
जमिनीखालून आलेलं पाणी तांब्यात शिरलं,
वेटोळ्याला बाहेरून घाम सुटला वाटलं मला,
खरं तर वाफ होती.
सत्तर. पन्नास. अडतीस.
एकतीसवर थांबलं, उरलेलं बर्फाच्या टपात.

दुसऱ्या टोकाचं पाणी मोरीत जाऊ दिलं असतं
तर गल्लीनं आम्हालाच मोरीत घातलं असतं.
पहिली बादली कढत, म्हाताऱ्याच्या अंघोळीला.
पहाटे तीनला अंघोळ! "रंगखात्यात हीच वेळ असायची," म्हणत
तो उघडा गेला आत.
दुसरी कोमट, चिलका वहिनींच्या टॉवेलांना.
पुढच्या चार टाकीत ओतल्या.
सहाव्या बादलीला जोडाशी एक थेंब लोंबला,
पाव फेरा आवळला,
गेला.

महिन्यानं बाटली आली घरी, वर्तमानपत्रात गुंडाळून.
मी पीत नाही.
फ्रिजमध्ये आहे, कैरीच्या पन्ह्याशेजारी.
बायकोनं विचारलं, हे काय करालाय?
म्हटलं, काही नाही,
गुरुवारचं पाणी आहे.