चेन दुरुस्त करून मिळेल

पुंता अरेनासमध्ये वारा दार न वाजवता आत येतो.
इथे ज्याच्या जॅकेटची चेन गेली
त्याचा हिवाळाच गेला.

आईला हे कळलं कारखान्यात,
जिथं सेंतोया खेकडे गोठवतात, पहाटे सहाची पाळी.
बसमधून उतरणाऱ्या बायका
छातीशी जॅकेट मुठीत धरून चालायच्या,
जणू आत कुणाचं पत्र आहे.
आईनं एकीची चेन बसवून दिली, मग दुसरीची.
तिसरीनं विचारलं, किती झाले?
आईला आकडा सांगता येईना.

त्या रात्री माझी गणिताची वही उलटी झाली.
पुढून अपूर्णांक, मागून आईचा धंदा.
मी नऊ वर्षांची. हिशेब माझ्याकडे.

दोन्या इर्मा, उंच बूट, डावा : दोन हजार पेसो.
दोन्या इर्मा, उंच बूट, उजवा : उधार.
पाद्रीबाबांची बॅग : फुकट.
(लिही तरी, आई म्हणाली, फुकट गेलेलंही मोजायचं असतं.)

बाबा फेरीबोटीवर, दहा दिवस सामुद्रधुनीपलीकडे, चार दिवस घरी.
फोनवर विचारायचे, काही सुटतं का यात?
दात सुटतात, आई म्हणायची,
आणि पकडीनं पितळेचा एकेक दात
जागेवर आणायची.

धाकटा उलिसेस मशीनच्या आवाजावर झोपायचा.
आवाज थांबला की रडत उठायचा.
काम संपलं तरी आई मग दोरा काढून टाकायची
आणि रिकामीच मशीन चालवायची.
पाय पायडलवर, डोकं कोपरावर.
कित्येकदा मी पाहिलं आहे,
ती झोपलेली होती
आणि पाय चालू होता.

एका संध्याकाळी सुपरवायझर बार्रिएन्तोस दारात.
आदल्या दिवशीच आई पट्ट्यासमोर उभ्या उभ्या पेंगली होती,
चार खेकडे तसेच पुढे गेले होते.
मी वही सोफ्याखाली ढकलली.
आईनं मशीनवर टेबलक्लॉथ टाकला,
त्याखालून चाक दिसतच होतं.

तो आत आला. बसला नाही. कोट काढला नाही.
मान जरा वर करून उभा,
फोटो काढायला उभं केल्यासारखा.
मग हळूच म्हणाला,
सकाळपासून अडकलीय. जेवलोसुद्धा असाच.

आईनं माझ्याकडे हात केला. पेन्सिल.
शाळेची माझी एकुलती एक पेन्सिल तिनं
त्याच्या हनुवटीखाली दातांवरून घासली,
वर, खाली, वर, खाली,
इतक्या जवळून, की दोघंही भिंतीकडे बघत होते.
चेन सर्रकन खाली आली.
आत त्याचा बनियन उसवलेला होता.

त्यानं पाच हजार टेबलावर ठेवले.
म्हणाला, उद्या सहाला.
आई म्हणाली, सहाला.
तो गेल्यावर मी विचारलं, वरचे तीन हजार कशात लिहू?
आई बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली, पेन्सिलीत.

माझ्या स्वतःच्या लाल जॅकेटला त्या हिवाळ्यात सेफ्टी पिन होती.
शाळेत बाईंनी पाहिलं. म्हणाल्या, तुझी आईच ना ती, चेनवाली?
मी हो म्हटलं. आणखी काय म्हणणार.
घरी येऊन वहीत सगळ्यात खाली लिहिलं,
मायलेन, लाल जॅकेट, खालचे सहा दात, येणे बाकी.

आईनं रात्री वही वाचली.
वाचून वाचून तिथंच थांबलेली मी पाहिली.
पण माझ्यापुढे अकरा नावं होती,
आणि अकराही जणांना तिनं वार दिलेला होता.
तिनं रांग मोडली नाही.

बारावा नंबर लागला तोवर
थंडी सरत आली होती.
वारा होताच.