अनुक्रमांक नऊ

गिरणी बुडाल्यावर सातव्या वर्षी
कोर्टाने मला साहेबाच्या बंगल्यावर पाठवलं.
सोबत टेप, कार्बन घातलेली वही, लाखेची कांडी.
रखवालदार गुरसिद्ध हत्तुरे कुलूप काढताना म्हणाला,
"साप नाहीत ओ. मधमाश्या हायत. शेकोटीत."

शेकोटी. सोलापुरात!
मे महिन्यात डांबर चपलेला चिकटून घरी येतं
त्या गावात, दिवाणखान्यात
कोरीव शेकोटी, एकदाही न पेटलेली.

पुढे सहा खांब. लांबून संगमरवर,
नखाने खरवडलं की चुना,
चुन्याखाली आपला काळा दगड.
पहिल्या साहेबाने म्हणे
कुणा जॉर्ज राजाच्या काळातल्या घराचं चित्र
पुस्तकातून फाडून गवंड्यापुढे धरलं : असं.
गवंड्याने केलं तसंच.
आपल्याकडे सूर्य कुठे मावळतो
हे त्याला कुणी विचारलं नाही.
पश्चिमेला अकरा खिडक्या.

मी लिहीत गेलो.
एक, कुत्र्यासह बाई. दोन, बाईविना कुत्रा.
तीन, जहाज, वादळात.
चार, पाच, सहा, लाल कोटातले म्हातारे,
तिघांचं नाक एकच.
वाळवीने खाल्लेलं सातवं. आठव्याची नुसती चौकट.
नऊ : सकाळ, माळ, मेंढ्या, धुकं.

मुंबईहून तज्ज्ञ आले, दुभाष म्हणून.
भिंग लावलं, कॅनव्हासची मागची बाजू हुंगली
आणि रुमालाने बोटं पुसत म्हणाले, "नकला.
सगळ्या. हा कॅनव्हासही नाही,
तुमच्या गिरणीचं जाडंभरडं कापड आहे."

मग मी जुने मस्टर काढले.
शेवटचा साहेब बोटीने गेला त्याच्या आधीचे तीन महिने :
इराबत्ती भूमय्या, तिकीट खाते,
"बंगल्यावर रंगकाम", रोज चौदा आणे.
तिकीट खातं म्हणजे गठ्ठ्यांवरची चित्रं,
पोपट, हत्ती, कमळातली लक्ष्मी.
चित्रं होती कंपनीची.
साहेबाने खरी पेटाऱ्यात भरली,
भूमय्याची खिळ्यांना लावली,
आणि डायरेक्टर लोक चाळीस वर्षं
त्यांच्याखाली चहा पीत राहिले.

त्याच मस्टरात, मागच्या पानांवर,
तिकीट खात्याच्या आधी
अकरा वर्षं भूमय्या पिंजण खात्यात.

मी परत नवव्यासमोर जाऊन उभा राहिलो.
उन्हं उतरली होती, अकराही खिडक्यांतून एकदम आत.
धुकं असं नसतं.
मी एकदा महाबळेश्वरला पाहिलंय, ते ओलं असतं, बसतं.
हे तरंगत होतं. याला तंतू होते.
मेंढ्यांच्या कानांवर साचलेलं,
गवताच्या टोकांना लोंबणारं,
मेंढपाळाच्या पापण्यांवर पांढरं पांढरं,
आणि मेंढपाळाने तोंडावर
फडकं धरलेलं.

मुळातही धरलं होतं का?
विचारायचं कुणाला.
ते तिकडे कुठल्या तरी भिंतीवर असेल,
वर छोटा दिवा, खाली पितळी पट्टी, अस्सल.
भूमय्याचा पत्ता साखर पेठेतला निघाला.
तिथे आता मोबाइलचं दुकान आहे.
पोरगं म्हणालं, "माहीत नाही काका,
आम्ही भाड्यानं हाय."

वर्णनाच्या रकान्यात मी "धुके" लिहिलं होतं.
ते खोडून वर लिहिलं "कापूस".
किंमत : निरंक.
मूळ प्रत कोर्टात गेली, तिथून शेरा आला,
खाडाखोड केल्याबद्दल खुलासा करावा.
खुलासा मी केला नाही.
माझ्याकडच्या कार्बन प्रतीत
दोन्ही शब्द एकमेकांवर निळे उमटलेत,
आता कुठला वरचा, कुठला खालचा
मलाही लागत नाही.

लिलावात चौकटी किलोवर गेल्या.
मधमाश्यांची नोंद
राहून गेली.