पोटात पाय

ओहोटीला जयवंती कुशीवर कलली
की मी तिचं पोट खरवडायला बसतो,
दिवाळ्याच्या धक्क्याशी, पुलाकडे पाठ करून.
उलथन्याखाली निघतात शिंपा, कालवांची पोरं
आणि ते तपकिरी केसाळ झुबके,
हाताला लागले तर संध्याकाळपर्यंत आग.

आज एका झुबक्यात कपची दिसली.
जांभळी. कडेला शेंदरी.
वाटलं, गेल्या सालचाच रंग सुटलाय.
पण जांभळा आम्ही कधी लावलाच नव्हता,
आणि कपची चालत होती.

पाण्याबाहेर नुसता लिबलिबीत थेंब.
डब्याच्या झाकणात खाडीचं पाणी घेतलं, त्यात सोडली,
तर पाठीवर बोटंच बोटं उभी राहिली,
वारा नसताना हलणारी.

ठकूमावशीला दाखवली. साठ वर्षं टोपली घेऊन बसलेली बाई.
हिला काय म्हणायचं?
"जी इकत नाय, तिला नाव कशाला रं?"
बोय, निवटी, चिवणी, खरबी:
आमच्या तोंडात नाव त्यालाच, जे तव्यावर जातं.

पुतणी कॉलेजात शिकते. म्हणाली, काका, ही गोगलगाय.
अंड्यातून निघताना अंगावर कवच असतं, मग टाकून देते.
नर नि मादी एकाच अंगात.
आणि तुमचे ते आगीचे झुबके, तेच हिचं जेवण.
डंख पचवत नाही. न फुटलेले, जसेच्या तसे
पाठीवरच्या बोटांत नेऊन भरते.

गोगलगाय नि पोटात पाय,
एवढंच ऐकत आलो.
पाठीचं कुणी बोललंच नव्हतं.

रंग म्हणजे पाटी: खाल तर भोगाल.
डोळे मात्र उजेड-अंधारापुरते.
सगळी खाडी वासावर चालणारी ही
स्वतःची पाटी कधीच वाचणार नाही.

दुपारी तांबड्या रंगाचा डबा फोडला.
त्यातही विषच, होडीच्या पोटाला काही चिकटू नये म्हणून.
सगळं पोट रंगवलं. कोपरा वगैरे सोडला नाही,
डिझेलचा भाव मला माहीत आहे.
झाकण तेवढं सावलीत सरकवलं.

सकाळी पाहतो तर ती तिथंच,
आणि झाकणाच्या कडेला पांढरी दोरी,
मुरडत मुरडत घातलेली,
शेवग्याच्या शेंगेतल्या रेघेएवढी बारीक.
अंडी.

ती गेली धक्क्याच्या खुटावर, जिथे झुबके दाट आहेत.
झाकणही तिथेच बांधलं, सुतळीनं,
भरतीच्या रेघेखाली.

घरी विचारतील,
डबा उघडा कसा आणलास.