उकळते पाणी भरू नये

शेपटी माझ्याकडे होती.
चेंदणीच्या कोळीवाड्यातून आणलेला नायलॉनचा दोर,
एक टोक राक्षसाच्या कमरेला, दुसरं माझ्या मनगटाला,
आणि मी तिवरांत, गुडघाभर चिखलात, वय अकरा.
मामा ओरडला की खेचायचं.
नाही ओरडला तरी अधूनमधून खेचायचं,
जिवंत वाटला पाहिजे.

सुधन्वा कारखानीस, दिवसा रंगाच्या कंपनीत शेड जुळवणारा,
रात्री दिग्दर्शक. साल एकोणऐंशी.
भांडवल: मामीच्या दोन पाटल्या, उसना कॅमेरा,
आणि वागळे इस्टेटमधून किलोवर उचललेलं
गरम पाण्याच्या नापास पिशव्यांचं रबर.
मामीने खवले कापले, दाभणाने शिवले.
हिरवा रंग कंपनीचा, बादलीभर, न विचारता.
तीन हात मारले तरी डाव्या बगलेखाली
उठावाची अक्षरं राहिलीच:
उकळते पाणी भरू नये.

कथा अशी की बेलापूर रोडच्या एका नळातून
काहीतरी खाडीत सुटतं,
चिखल ते पितो, आणि चिखलाला हात फुटतात.
डॉक्टर प्रधान
(कोट उसना, खिशावर दुसऱ्याच डॉक्टरचं नाव)
सूक्ष्मदर्शकातून मान वर करून म्हणतात, अशक्य!
टेलिफोन एक्स्चेंजमधली नायिका किंचाळते.
ती किंचाळी मामीची, नंतर स्वयंपाकघरात भरलेली;
मध्ये कुकरची शिट्टी येते, ती तशीच ठेवली.
ठाणे स्टेशन काडेपेट्यांचं.
तलावपाळी म्हणजे आमची पितळी परात.

आत लहू भोईर, विटाव्याचा.
कबड्डीत त्याची पकड सुटत नसे.
रातपाळीला त्याच रोडवर, एका कंपनीत, पिंपं धुवायचा.
आम्ही द्यायचो दिवसाचे सात रुपये आणि अंडा-पाव.
घाम इतका साठायचा की राक्षसाचे पाय
उलटे करून ओतावे लागत.
"बाय गो, हलू खेच," म्हणायचा, "कमर दुकते."
त्याच्या हातांची सालं निघालेली होती, बोटांच्या पेरांपर्यंत.
मामाने हात दिव्याखाली धरून पाहिले.
म्हणाला, जवळून घेताना मोजे नकोत,
हेच चालतील.

शेवटी राक्षस मिठाने मरतो, जळू मरते तसा.
हा शोध डॉक्टर प्रधानांचा.
विटाव्यामागचं मिठागर, सकाळचे सहा.
लहूच्या आजाने तिथे जन्मभर फळी ओढली होती,
हे लहूनेच सांगितलं, डोकं चढवायच्या आधी.
मग पडला, उताणा.
आम्ही पाट्या भरभरून मीठ ओतलं,
पोटावर, मानेवर, त्या हातांवर.
तो काही बोलला नाही.
मेलेल्याला संवाद नव्हता.

रीळ चाळीस सेकंदांचं उरलेलं.
कॅमेरा फिरतोय आणि राक्षसाचं पोट
वर, खाली.
वर, खाली.
मामा दातओठ दाबून: मर ना रे लहू, मर.
तिसरी पाटली नव्हती.

खेळ एकच झाला, शाळेच्या पटांगणात, चादरीवर.
लोक हसले. बगलेखालचं वाक्य
कोरसमध्ये वाचून हसले.
विटाव्याच्या बायका पुढे बसल्या होत्या, पदर तोंडाशी.
'समाप्त' आलं, त्याच्यामागे पोट अजून हलतंय,
तेव्हा त्यांतली एक म्हातारी उठली
आणि चादरीपाशी जाऊन म्हणाली,
"जिता हाय तो. मीठ कारा त्याचे आंगावरशी."
कुणीतरी तिला हाताला धरून खाली बसवलं.

पुढे रीळ ट्रंकेत आंबलं, शिरक्याचा वास यायला लागला.
मिठागराला सेक्टरचा नंबर पडला.
लहूने कंपनी सोडली की कंपनीने लहूला,
दोन्ही ऐकलंय.

एक गोष्ट मामालाही सांगितली नाही.
त्या शेवटच्या चाळीस सेकंदांत
नीट पाहणाऱ्याला शेपटी एकदा हलताना दिसली असती.
ते अभिनयासाठी नव्हतं. मी घाबरले होते,
बघायचं होतं, म्हणून हलूच खेचली.

मिठाच्या त्या ढिगाखालून
उलट ओढ आली.
मनगटाला. दोनदा.