शून्य करण्याची जागा

शून्य करायला गच्चीवर यावं लागतं.
बॉयलरच्या खोलीतच यंत्र चालू केलं
तर तिथल्या धुरालाच ते निर्मळ समजून बसतं
आणि मग दिवसभर जे बोलतं
ते त्या पहिल्या चुकीला धरून.
म्हणून चार जिने. खांद्याला पेटी, हातात प्रोब.

माझगावच्या इस्पितळाचं धुलाईघर.
धुराडं पाठीशी, वारा तोंडावर घेऊन उभी राहते.
लीलावती कोयंडे हिरव्या चादरी झटकते,
पलीकडे गोदीच्या क्रेन,
धक्क्यावरून येणारा सुक्या बोंबलांचा वास.
साठ सेकंद. आकडे उलटे मोजत जातात.
वीस पूर्णांक नऊ. ठीक, यंत्र म्हणतं.
या हवेला ठीक म्हणायचं, असं आमच्यात ठरलेलं आहे.

खाली पास्कल डाबरे.
एकतीस वर्षं याच बॉयलरवर,
आधी फर्नेस ऑइल, आता पाइपचा गॅस.
भाव विचारण्याआधी मासळीचे कल्ले बघावेत
तसा काचेला डोळा लावून ज्योत बघतो.
माझ्या यंत्राला 'तुझा पोपट' म्हणतो.

त्या मार्चमध्ये पोपटाने चिठ्ठी काढली:
ऑक्सिजन साडेनऊ, मोनॉक्साइड नव्वद.
म्हणजे हवा फार,
पैसा तापून धुराड्यातून चाललाय.
मी डँपरच्या बोल्टला पाना लावला,
अर्धं वळण आवळणार
तोच मागून, "बाय, थांब.
ज्योतीची शेंडी पिवळी आहे.
तिला आधीच पुरत नाही, आणि तू गळा दाबतेस?"

माझ्याकडे छापील पावती होती.
त्याच्याकडे एक डोळा; दुसऱ्यात मोतीबिंदू.

पाना खाली ठेवला.
नळी दुमडून अंगठ्याखाली धरली.
अशा वेळी पंपाने कण्हायला हवं.
तो आपला गुणगुणतच राहिला,
कुठून तरी चोरून हवा पीत.

पाणी साठायच्या बाटलीचं झाकण, त्यातली रबरी रिंग,
केसाएवढी चीर.
बाटलीत तीन दिवसांचं आंबट पाणी,
जे मी रोज ओतून टाकते
असं वहीत रोज लिहिलेलं, माझ्याच अक्षरात.
फिल्टर पांढरा असायचा तो मशेरीच्या रंगाचा.

रिंग बदलली. पुन्हा चार जिने, साठ सेकंद,
पुन्हा धुराड्याच्या भोकात प्रोब.
ऑक्सिजन दोन. मोनॉक्साइड दीडशे.
ते अर्धं वळण आवळलं असतं
तर आकडा हजारांत,
आणि तो वर, चादरींच्या उंचीला.

पास्कल काही बोलला नाही.
उलट बाजूला पाना फिरवताना टॉर्च धरून उभा राहिला.

ऑक्सिजनच्या सेलचं त्याला मागे सांगितलं होतं:
पाकीट फोडलं की हा झिजायला लागतो,
वापरा नाहीतर पेटीत ठेवा,
नुसता श्वास घेऊन दोन वर्षांत संपतो.
"मग वापरत जा," म्हणाला होता.

काम झालं तरी लगेच बंद करायचं नसतं.
पोटात धूर ठेवून झोपवलं तर सेल लवकर मरतो.
बाहेरच्या पायरीवर पंप चालू ठेवून आम्ही दोघं,
मध्ये चहाचे ग्लास. पास्कल खोकतो,
खोकून झालं की ग्लास पुन्हा उचलतो.

वीस पूर्णांक चार. सहा. आठ.
मोनॉक्साइड अकरा, पाच, दोन.
दोनवरच अडलं.

"उतरेल," पास्कल म्हणतो.
"तो ट्रक जाऊ दे."