पट्टा सोडून

माझं घोडं त्रेचाळीसाव्या पानावर पेंड खात होतं.
एक माणूस दाराशी आलेला,
कडीवर हात ठेवून उभा,
नऊ महिने.
मी त्याला कोट बदलून दिला. दाढी दिली, काढून घेतली.
दाराला निळा रंग दिला, मग तो खरवडून
नुसतं जुनं लाकूड ठेवलं.
हात कडीवरच.

फेब्रुवारीत प्रकाशकाची उचल पाकिटात घातली.
त्यातले काही छपराच्या पत्र्यावर गेले होते,
ते बहिणीकडून मागून आणले.
एंडेलला म्हटलं, मला पलीकडे सोड.
हियुमा बेटापासून मुख्य भूमीपर्यंत
समुद्र गोठला की रस्ता होतो.
दर वर्षी होत नाही. या वर्षी झाला होता.

रस्त्याच्या तोंडाशी केशरी जाकिटातली पोरगी
खिडकीतून वाकली:
पट्टे सोडा. गाडी खाली गेली तर सोडायला वेळ मिळत नाही.
मध्ये थांबायचं नाही.
पंचविसाच्या आत चालवा, नाहीतर चाळिसाच्या वर.
अधला वेग नको.
हे सगळं अशा आवाजात,
जशी बेकरीवाली सुटे पैसे मागते.

पट्टा सर्रकन मागे गेला
आणि स्वेटरवर त्याचा चपटा वळ दिसला.

अधला का नको?
एंडेल जन्मभर जाळी विणतोय, बोलतो मोजून.
म्हणाला, खाली पाणी आहे ना.
गाडीबरोबर बर्फाखालून एक लाट चालते.
हळू गेलीस तर ती पुढे निघून जाते.
जोरात गेलीस तर मागे राहते.
तिच्याच चालीनं गेलीस
तर ती फुगत जाते, फुगत जाते,
आणि तुझ्याच पायाखालचा बर्फ फोडते.

मग तो गप्प. मागे धुरी दिलेल्या वाम माशांच्या पेट्या, त्यांचा वास.
दोन्ही बाजूंना जुनिपरच्या फांद्या रोवलेल्या.
दिसत होता तो रस्ता एवढाच:
या फांदीपासून त्या फांदीपर्यंत.

मला माझी रोजची सकाळ आठवली.
एक वाक्य लिहायचं,
आणि त्याच चालीनं त्याच्याखालून
दुसरी मी यायची, लाल पेन घेऊन:
हे आधी म्हणून झालंय. याला ताल्लिनमध्ये हसतील.
तिला ना कधी पुढे जाऊ दिलं
ना मागे टाकलं.

मध्यावर कुठेतरी बर्फ बोलला,
लांबलचक, तार तुटल्यासारखा.
मी म्हटलं, थांब.
इथे थांबत नसतात, एंडेल म्हणाला,
आणि वेग वाढवला.

मी पेटीवरची मासळीची पावती फाडली,
हातमोजा दातांनी ओढून काढला.
पेन्सिल गुडघ्यावर उड्या मारत होती.
त्या माणसानं दार उघडलंच नाही.
दार आतून उघडलं.
एक बाई बाहेर आली, बाह्या वर सारलेल्या,
त्याला म्हणाली, बाजूला हो,
आणि अंगणात काहीतरी भिरकावलं, वाफाळतं.
घरात कोणी आहे हे मला माहीतच नव्हतं.
नऊ महिने ती आत होती, कामात.
मी कडीकडे बघत बसले होते.

पावती संपली. मग पाकिटाची पाठ, उचलीच्या पाकिटाची.
तिचं नाव माईमू. तिचा फुटका दात.
तिच्या दोन कोंबड्या, एक दुसरीला टोचणारी.
काही शब्द चुकीचे. काही अर्धे. जाऊ दे.

चाकांखाली खडी वाजली. किनारा.
एंडेल म्हणाला, आता पट्टा लाव, पुढे पोलीस असतो.
मी म्हटलं, थांब की जरा, एवढी ओळ होऊ दे.
त्यानं गाडी बाजूला घेतली
आणि इंजिन चालू ठेवून, खिडकीबाहेर बघत
एक अख्खी वाम सोलून खाल्ली.

पाकीट अजून माझ्याकडे आहे.
माईमू दारात आली, तिच्या हातात
आणि पुढचा शब्द हिसक्यात गेलाय.
बादली असेल. वादळ असेल.
पुस्तकात मी बादली ठेवली.
रात्री कधी जाग आली, की वाटतं
वादळच असावं.