निरंक

वरून पत्र आलं, सोमवारी, अकराच्या सुमाराला:
आपल्या कार्यक्षेत्रात मुलींच्या खतन्याची
किती प्रकरणे आढळली
ते आजच चारपर्यंत कळवावे.
सोबत तक्ता. रकाने दोनच,
संख्या आणि शेरा.

सिस्टर म्हणाल्या, पडवळ, निरंक टाका.
मागच्या वेळी काय टाकलं होतं?
मागची वेळ नव्हतीच, सिस्टर.
मग निरंकच.

एकवीस वर्षं मी भेंडीबाजारातले जिने चढते
थेंब, गोळ्या, थुंकीच्या डब्या घेऊन.
कुणाला दिवस गेलेत, कुणाचा खोकला पंधरवड्याचा,
मला दारातल्या चपलांवरून कळतं.
ही एक गोष्ट
दारात चपला काढत नाही.

इन्सियानं सांगितलं ते लोहाच्या गोळ्या मोजताना,
नजर गोळ्यांवरच ठेवून.
सात वर्षांची होते. मामी म्हणाली, चल, आइस्क्रीम खाऊ.
चौथा मजला, लाकडी कठडा,
रिदाला क्रोशाची झालर लावलेली एक बाई.
वाईट नव्हती हो ती, अत्तराचा वास यायचा तिला.
मामीनं मांडीवर घेतलं, घट्ट.
आइस्क्रीम मिळालं नंतर. सीताफळाचं.
एवढंच. पुढचं तिनं मोजलं:
सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस.

ती इमारत पाडली केव्हाच. आता टॉवर आहे,
इन्सियाला त्यातच अकराव्यावर घर मिळालंय.
जुना चौथा मजला तिच्या हिशेबानं
नव्या तिसऱ्याच्या जरा वर येतो.
लिफ्ट तिथून जाते तेव्हा ती डोळे मिटते.
म्हणते, बाई, सगळं पाडलं,
ती खोली पाडायची राहिली.

तक्ता समोर. पेन हातात.
शाळेत साळगावकरबाई शिकवायच्या,
अंक म्हणजे आकडा. अंक म्हणजे खूण, डागही.
आणि संस्कृतात अंक म्हणजे मांडी,
बाळ आईच्या अंकावर बसतं.
आता निरंक लिहायचं
तर यातलं काय काय नव्हतं म्हणायचं?

दीडला इन्सियाच आली. हाताला धरून अरवा,
पुढचे दोन दात पडलेली, फ्रॉकच्या खिशात चिंचा.
एक कागद हवाय, म्हणाली,
मनाई आहे असं लिहिलेला.
सासूबाई माझं ऐकत नाहीत, कागदाचं ऐकतात.
गोल शिक्का लागेल.
मी म्हटलं, तसा वेगळा कायदा अजून...
दिल्लीत चाललंय.
कधीपासून?
चाललंय.
हिची सुट्टी शनिवारी लागते, ती म्हणाली.
दिल्लीची कधी संपते?

मी केसपेपर ओढला.
नाव अरवा. वय सात.
रक्त फार कमी. (गुरुवारीच तपासलं होतं मी,
चांगलं बारा पूर्णांक चार.)
कुठलीही इजा झाल्यास जिवाला धोका.
दर महिन्याला दवाखान्यात आणून दाखवणे, न चुकता.
'न चुकता'खाली दोन रेघा.
शाई सुकली होती, शिक्का उमटेना.
पॅडवर पाणी शिंपडलं, दाबला, पुन्हा दाबला,
महानगरपालिका एकदाची निळी उमटली.
खोटं लिहिलं.
माझ्या माहितीप्रमाणे या कामी
आमच्या वॉर्डातलं हे पहिलं सरकारी पाऊल.

अरवानं एक चिंच टेबलावर ठेवली,
फी म्हणून असेल.

चारला पाच कमी असताना तक्ता पुढे केला.
संख्येत काही लिहिलं नाही,
निरंकसुद्धा नाही.
शेऱ्यात लिहिलं:
एक खोली पाडायची बाकी आहे,
तिसरा आणि चौथा मजला यांच्या मध्ये.

सिस्टरनी वाचलं. दोनदा.
हे इमारत खात्याकडे जाईल, पडवळ, म्हणाल्या,
आणि सही केली.